नात्याचा रकाना

आमच्या गावात आता हळदी दोन लागतात. संध्याकाळची हळद डीजेची, ड्रोनची आणि आपण ओळखतही नाही अशा हजारभर माणसांची. सकाळची हळद घरची. तिला डीजे चालत नाही, धवलारीन लागते. धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणारी बाई पाटावर बसल्याशिवाय नवऱ्याच्या अंगाला हळदीचं बोट लागत नाही. शेजारी उलव्यात टॉवर उभे राहिले, डोक्यावरून विमानं जायला लागली, तरी हे कुणाला मोडता आलेलं नाही. मोडायची इच्छा पुष्कळांना होती, ती गोष्ट वेगळी.

कुंदनच्या घरी धवलारीन बाहेरून आणावी लागत नाही. त्याची थोरली बहीण बायजाबाई हीच धवलारीन. कुंदनच्या मुलांची, वरद आणि उन्नतीची, आत्या. वरदच्या हळदीच्या सकाळी आठ वाजता ही आत्या 'वामन निवास'च्या मागच्या मोरीत बसून चहाची पातेली घासत होती, आणि तिची जोडीदारीन गिरजाबाई मांडवातून तिच्या नावाने ओरडत होती.

"गो बायजे, भांडी घासाला आयलेस का धवला बोलाला?"

"आलू गो, आलू. दोनच पातेली राह्यली."

"लगीन कुनाचे घरान हाय? तुजेच ना? मंग तूच का मोरीन?"

बायजाबाईने पुढचं पातेलं ओढलं. गिरजाबाईच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची नसतात, हे तिला चाळीस वर्षांच्या जोडीत कळलं होतं.

वर दुसऱ्या मजल्यावर उन्नती पिवळा ड्रेस घालून खिडकीत उभी होती. हातातल्या मोबाइलवर सबनीस मॅडमचा मेसेज होता. 'निघाले. दहापर्यंत पोचते. फॉर्मही आणलाय.'

ही सबनीस मॅडम म्हणजे तिची भाषाविज्ञानाची प्राध्यापिका. उन्नती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तीन वर्षांपूर्वी तिने हा विषय घेतला तेव्हा घरात हसूच झालं होतं. "भाषा शिकायला कॉलेज कशाला, देवानं तोंड दिलंय ना?" असं तिची आई भावना म्हणाली होती. कुंदनने नोकरी काय लागते एवढंच विचारलं आणि उत्तर न ऐकता फोन घेतला. नीट विचारलं ते फक्त आत्याने. लसूण सोलता सोलता.

"काय शिकवतान गो तुना थय?"

उन्नतीने सांगितलं होतं, की आम्ही भाषा शेजारीशेजारी ठेवून बघतो. मराठी, कोकणी, गुजराती. कोण कुणाची बहीण, कोण कुणाची आई. कुठला शब्द कुठून कसा चालत आला. आणि मुख्य म्हणजे कुठलीच बोली अशुद्ध नसते, प्रत्येकीचा आपला नियम असतो.

"म्हंजी आमी बोलताव ता चुकीचा नाय?"

"अजिबात नाही, आत्या."

त्या दिवशी आत्या दिवसभर हसत होती. संध्याकाळी गिरजाबाईच्या दारात जाऊन तिने सांगितलं, आमचे पोरीचे कॉलेजान शिकवतान, आपला बोलना चुकीचा नाय म्हनून.

आणि त्याच पोरीने काय केलं? शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून धवल्यांची बोली घेतली. आत्याला समोर बसवून चौदा तास रेकॉर्ड केलं, ओळन्‌ ओळ उतरवून काढली, शेजारी कोकणी आणि पुस्तकी मराठी मांडली. जुलैत वर्गात पहिला तुकडा वाजवला. आत्याचा घोगरा आवाज स्पीकरमधून आला, आणि पुढच्या बाकावरच्या एकीने सहज विचारलं, "अय्या, तुमच्या घरी सगळे असंच बोलतात?" चारपाच जणी हसल्या. वाईट नव्हत्या त्या, हसू आलं म्हणून हसल्या. उन्नतीच्या तोंडून निघून गेलं, "नाही गं, आमच्याकडे कामाला आहेत त्या."

एक वाक्य, बस. पण मग माहितीच्या फॉर्मवरही तेच लिहावं लागलं. व्यवसाय: घरकाम. संशोधकाशी नातं: नाही. आत्याची सही घ्यायचं धाडस मात्र झालं नाही, तो रकाना मोकळाच राहिला. पुढे निबंध म्हैसूरच्या विद्यार्थी परिषदेसाठी निवडला गेला, मॅडमनी कागद तपासले, सही दिसली नाही. त्यातच मितालीने, उन्नतीच्या मैत्रिणीने, वर्गात लग्नाची पत्रिका दाखवली. मॅडम खूश. "म्हणजे खरा धवला ऐकायला मिळणार! मी येते. त्या बाईंची सहीही घेऊ आणि त्यांचा सत्कारही करू."

खरं सांगावं तर खोटी माहिती दिली म्हणून प्रकल्प बाद, म्हैसूर बाद, वर्षही जाणार कदाचित. आणि न सांगावं तर मॅडम फॉर्म घेऊन थेट आत्यासमोर. उन्नती खाली उतरली आणि मांडवाच्या खांबाशी जाऊन उभी राहिली.

मॅडम पावणेदहाला आल्या. कुंदनने त्यांना हाताला धरल्यासारखं करून पुढच्या खुर्चीवर बसवलं. घरात प्रोफेसर येते म्हणजे काय! त्याने दोनदा ओळख करून दिली, एकदा सरपंचाच्या भावाला आणि एकदा केटररला.

"मॅडम, थंडा घ्या. एसी लावू का कूलर?"

"काही नको हो. मला आधी त्या बाई दाखवा. बायजाबाई."

"बायजा? ती काय, त्या पाटावर."

बायजाबाई हात पुसत येऊन बसली होती. मॅडम आपली खुर्ची सोडून थेट तिच्याशेजारी सतरंजीवर बसल्या. तिच्या मांडीवर एक नवी साडी आणि नारळ ठेवला. तिच्या पाया पडल्या. बायजाबाई एवढी गडबडली की तिने उलट मॅडमच्याच पायांना हात लावला.

"बायजाबाई, तुमचा आवाज मी साताठ महिने ऐकतेय. उन्नतीचं सगळं काम तुमच्यावर उभं आहे. आता ही सही. पण मी आधी सगळं वाचून दाखवते हां, न वाचता सही करायची नाही." मॅडमनी चष्मा चढवला. त्या चांगल्या बाई होत्या, म्हणूनच मोठ्याने आणि सावकाश वाचत होत्या. "नाव, बायजाबाई. वय, एकसष्ट. शिक्षण, नाही. व्यवसाय, घरकाम. उन्नतीच्या घरी कामाला आहात. संशोधकाशी नातं, काही नाही. बरोबर ना?"

मांडवात पन्नासेक माणसं होती. पुढच्या दोन रांगांनी माना वळवल्या. गिरजाबाईच्या तोंडातलं पान तसंच राहिलं.

बायजाबाईने वर बघितलं. पोर खांबाला टेकून उभी होती. तोंड पांढरंफटक. बायजाबाईला हे तोंड ओळखीचं होतं. दुसरीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरीने स्टेजवरच चड्डी ओली केली होती, तेव्हा अगदी असंच दिसत होतं. तेव्हा बायजाबाईने स्टेजवर जाऊन पाण्याची बाटली सांडली होती आणि सगळ्यांना सांगितलं होतं, माज्या हातून पानी सांडला.

"होय मॅडम," ती म्हणाली. "बराबर हाय."

"किती वर्षं झाली इथे?"

"एकवीस. हिचे आईचे बालंतपनाला आयलू, तवापासून."

"बापरे! सुट्टी वगैरे देतात की नाही?" मॅडम हसत म्हणाल्या.

"सुटी कसली मॅडम. घरचाच काम." बायजाबाईही हसली. आपण खोटं बोललो असं तिला वाटेना, आणि हेच तिला लागलं. "सही मंग करीन. हाताला त्याल हाय. धवला होऊं दे आदी."

कुंदन तीन पावलांवर उभा होता. त्याच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, 'अहो मॅडम, माझी सख्खी बहीण आहे ती!' मग ते तिथेच थांबलं. कारण असं म्हटलं असतं तर मॅडमनी तिच्याकडे परत एकदा बघितलं असतं. तिच्या नखांतली काजळी, दंडावर विरलेला ब्लाऊज, भाच्याच्या हळदीच्या दिवशी. कुंदनला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मांडवात लपायला जागा सापडेना. त्याने पोरीचा दंड धरला आणि तिला ओढत स्वयंपाकघरात नेलं. मागोमाग भावना धावली.

"लाज नाही वाटली? आं? आत्याला कामवाली केलीस? तुझं गू-मूत काढलंय तिनं!"

"पप्पा, चुकलं माझं."

"चुकलं? कॉलेजात जाऊन हे शिकलीस? भाषा शिकतेय म्हणे! थोबाड फोडीन एक!"

त्याने हात उगारला. भावनाने तो वरच्या वर धरला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तिने नवऱ्याचा हात असा कधी धरला नव्हता.

"तिला मारू नका."

"तू मध्ये पडू नको. तुझ्याच लाडानं झालंय हे."

"हो, माझ्यामुळेच झालंय." भावनाचा आवाज बारीक झाला. "खारघरच्या शाळेत अॅडमिशन घेतली, तेव्हा डबा घेऊन ताई यायच्या. गेटवर एका बाईनं विचारलं, या कोण? मी म्हणाले, बाई आहे आमची. ही माझ्या हाताला धरून उभी होती. पाच वर्षांची." तिने उन्नतीकडे बघितलं नाही. "मला वाटलं, हिला काय कळतंय."

उन्नतीला ते आठवत नव्हतं. किंवा आठवत होतं, पण आपण तेच वाक्य वर्गात नेऊन बोललो हे आज कळलं. तिला रडू फुटलं. रडताना तिला स्वतःचाच राग आला, कारण रडायचा हक्क तिचा नव्हता.

"शाब्बास," कुंदन म्हणाला. "आई तशी लेक. म्हंजी मीच एकटा मूर्ख. बहिणीला एकवीस वर्षं घरात ठेवून घेतली, कधी जा म्हटलं नाही."

"ठेवून घेतली," भावना म्हणाली. तिने फ्रिजवरची लग्नाची पत्रिका उचलली. लालभडक, चार पानी, आत गणपती. "ही वाचा. छपाईच्या आधी तुम्ही तीनदा वाचलीत ना? आपले विनीत, किती नावं आहेत? छप्पन्न. नगरसेवक आहेत, जिमवाला आहे, तुमच्या पार्टनरचा साडू आहे. ताईंचं नाव दाखवा मला."

कुंदनने पत्रिका हातात घेतली. खरोखर वाचायला लागला. नाव नसणार हे माहीत होतं, तरी बोट खाली खाली नेत राहिला. वडिलांच्या प्लॉटचे कागद झाले तेव्हा, 'मी घर सोरून कुठं जातय रं?' असं म्हणत बहिणीने हक्कसोडावर अंगठा दिला होता, हे त्याला त्याच वेळी आठवावं. सही तिला पुढे उन्नतीने शिकवली, स्वतः पहिलीत असताना, आपल्याच पाटीवर.

"राहून गेलं," तो म्हणाला. "लक्षात नाही आलं."

"पोरीनं पण तेच लिहिलंय. आपल्या घरात बघितलं ते."

बाहेरून गिरजाबाईचा पहाडी आवाज आला. "ओ मालक! नवरा पाटावर बसलाय. आवस-बापूस कुठं गेले? हलद सुकली वाटीन!"

तिघं तोंडं पुसून बाहेर आले. वरद उघड्या अंगाने पाटावर बसला होता, समोर तांदळाच्या पिठाचा चौक, वाटीत हळद. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. मॅडमनी रेकॉर्डर काढून बायजाबाईपुढे ठेवला होता.

आता हा हळदीचा धवला कसा चालतो, ते सांगायला हवं. धवलारीन एकेका नात्याला नावाने हाक मारते. हाक आल्याशिवाय कुणी उठायचं नाही. पहिली आई, मग बाप, मग बापाची बहीण, मग मामा-मामी, मग बाकीचे. एकीने हाक मारायची, दुसरीने ती उचलायची. गावातल्या दुसऱ्या लग्नांत बायजाबाई पाटावरून हलत नसे. पण आपल्या माहेरच्या लग्नात ती स्वतःलाच हाक मारायची, आणि बाया हसायला लागायच्या. मग गिरजाबाई हाक उचलायची आणि बायजाबाई लाजत उठायची, बोट लावायची, परत येऊन बसायची. वर्षभरात तिला कुणी हाक मारून मानाने बोलावलं असेल तर तेवढ्याच एका ओळीत.

बायजाबाईने डोळे मिटले आणि सूर लावला.

"ये गो ये गो नवऱ्याचे आये, हलदीन बोट बुडव गो."

गिरजाबाईने ओळ उचलली. भावना उठली, वरदच्या कपाळाला, खांद्याला, गुडघ्याला हळद लावली. तिचे डोळे अजून लाल होते. वरदला वाटलं, आईला भरून आलंय.

"ये रं ये रं नवऱ्याचे बापा, हलदीन बोट बुडव रं."

कुंदन उठला, लावून आला. बसताना त्याने बहिणीकडे बघितलं. तिचे डोळे मिटलेलेच होते.

इथे बायजाबाई थांबली. एक श्वास, एवढंच. रेकॉर्डरचा लाल दिवा लागलेला होता. मॅडम मान हलवत ऐकत होत्या. मग तिने सूर उचलला.

"ये रं ये रं नवऱ्याचे मामा..."

गिरजाबाईने ओळ उचललीच नाही. दोघींच्या चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. मामा अर्धवट उठून उभा राहिला आणि इकडेतिकडे बघायला लागला. मागे कुणीतरी कुजबुजलं, "आतेसची राह्यली ना?"

"बोल गो," बायजाबाई हळूच म्हणाली.

"नाय बोलनार," गिरजाबाई म्हणाली. "तुजी ओल सोरून मी पुढं नाय जानार. कागदावं काय लिवायचा ता लिवा. धवल्यान नाय."

"गिरजे, पोरीचा नुकसान व्हईल."

ती हे अगदी बारीक आवाजात म्हणाली होती. पण चौदा तास तो आवाज कानाला लावून, मागे-पुढे करून, एकेक श्वास टिपलेल्या मुलीला तो कितीही बारीक असला तरी ऐकू येणारच. उन्नतीला ऐकू आलं. म्हणजे आत्याने सगळं समजून, तिच्यासाठी, स्वतःची एकुलती ओळ सोडली होती. त्या क्षणी उन्नतीला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं. जमीन काही फाटली नाही. पन्नास माणसं बघत होती.

ती खांब सोडून पुढे आली. चौकाच्या कडेला उभी राहिली. तिला गाता येत नव्हतं, पण ही ओळ तिने वहीत सत्तरदा लिहिली होती. शाळेत गेल्यापासून घरच्या बोलीतला एक शब्दही तिने चारचौघांत उच्चारला नव्हता. पहिल्यांदा नुसती हवाच निघाली. मग आवाज आला, फाटका.

"ये गो ये गो नवऱ्याचे आते, हलदीन बोट बुडव गो."

गिरजाबाईने ती ओळ अशी उचलली, की मांडवाच्या कापडाबाहेर गेली.

बायजाबाई उठेना. उन्नती तिथेच सतरंजीवर गुडघ्यांवर बसली, मॅडमकडे वळली. "मॅडम, त्या कामाला नाहीत. माझी आत्या आहे. सख्खी. मी वर्गात खोटं बोलले आणि फॉर्मवर पण खोटं लिहिलं. मला लाज वाटली होती तिची."

सबनीस मॅडमनी रेकॉर्डर बंद केला. मग त्यांना आपलंच बोलणं आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "मी सुट्टीचं विचारलं तुम्हाला," त्या बायजाबाईला म्हणाल्या. "माफ करा." उन्नतीशी बोलणं सोमवारी होणार होतं आणि सोपं असणार नव्हतं.

कुंदन उठला. लग्नघरच्या यजमानाने करायचं नसतं ते त्याने केलं. पाटापाशी जाऊन वाकला, बहिणीचा हात धरला. "ताय, ऊठ. तुझी हाक झाली."

बायजाबाई उठली. वाटीत पाची बोटं बुडवली, वरदच्या कपाळाला हळद लावली, दोन्ही गालांना लावली. कुणी हसलं नाही. ती परत येऊन बसली.

उन्नतीने फॉर्म ओढून घेतला होता. फॉर्मला मॅडमचं पेन खोचलेलं होतं. तिने 'नाही' हा शब्द खोडला, इतका जोराने की कागद थोडा फाटला. ती पुढे लिहिणार, एवढ्यात हळदीचा पिवळा हात कागदावर आला आणि रकाना झाकून बसला.

"थांब," बायजाबाई म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, पण नेहमीचाही नव्हता. "'नाय' लिवलास तवा मना ईचारला नाय. आता 'हाय' लिवतंस, तवा तरी ईचार."

उन्नतीने मान वर केली. बऱ्याच वर्षांनी तिच्या तोंडून 'आत्या' न येता लहानपणीचं आलं.

"आते, लिवू?"

बायजाबाई तिच्याकडे बघत राहिली. पोरीच्या नाकाला पाणी आलं होतं, पदराने पुसावं असं तिच्या हाताला वाटून गेलं. हात तिने कागदावरून उचलला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"लगीन पार परूं दे," ती म्हणाली. "मंग सांगीन."

मग तिने डोळे मिटले, मामाला हाक मारली, आणि गिरजाबाईने ती उचलली. उन्नती पेन उघडं धरून तिच्या पायाशी बसून राहिली. फॉर्मवर पाच पिवळी बोटं उमटली होती.